विंचू विकणे आहे!

‘मॅडम, मिस्टर आहेत का घरी? गाडीबद्दल बोलायचं होतं.’

दोन आठवड्यांत हा प्रश्न मी अकरा वेळा ऐकला. मिस्टर नाहीत हो, पण गाडी आहे आणि ती माझीच आहे! काळी अबार्थ पुंटो, २०१५ चं मॉडेल, ६१ हजार किलोमीटर आणि नाकावर विंचू.

हा विंचू काय प्रकार आहे, ते आधी सांगते. कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये इटलीत रेसिंगच्या वेडापायी कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून लोगो विंचवाचा. पुढे ही कंपनी फियाटची झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात अबार्थ पुंटो आली, तीही आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातून! दिसायला साधी हॅचबॅक. आत मात्र १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत ९ लाख ९५ हजार, एक्स-शोरूम दिल्ली. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. पण आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच. २०१९ मध्ये पुंटो भारतात बंद झाली.

मी ही गाडी २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. पहिल्या नोकरीचं सेव्हिंग आणि वर बँकेचं लोन. आई म्हणाली, ‘एवढ्यात सोन्याच्या पाटल्या आल्या असत्या!’ आता फ्लॅट बुक केलाय. डाउन पेमेंटला साडेपाच लाख कमी पडतायत आणि बिल्डरने महिनाअखेरची तारीख दिलीय. सो, विंचू विकणे आहे!

फोटोपेक्षा फाइल भारी

आधी मी काय केलं? गाडी पॉलिश करून वीस झकास फोटो काढले. फोन ढीगभर आले, पण सगळे ‘लास्ट किती?’वाले. मग मेकॅनिक काकांनी डोळे उघडले. ‘फोटो कसले काढतेस? बिलं कुठायत?’

बिलं होती! बुटांच्या खोक्यात. दर ऑइल चेंज, टायमिंग बेल्ट, क्लच, चारही टायर. सगळी तारखेनुसार आणि किलोमीटरनुसार फाइलला लावली. पुढच्या जाहिरातीत फाइलचाही फोटो टाकला. फोन निम्म्यावर आले, पण आता येणारे प्रश्न शहाण्यांचे होते. एकाने तर बजावलं, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ बरोबरच आहे. इंजिन थंड असताना सुरू केलं की धूर आणि खडखड लपत नाही. विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर समजा, दाल में कुछ काला है.

सांगू की नको?

आता खरी गोची. गाडीत मी तीन बदल केले होते. चांगले ब्रेक पॅड, मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं रीमॅप. पहिले दोन बॉनेट उघडून, चाक काढून दिसतात. तिसरा कोणालाच दिसत नाही.

‘मॉडिफाइड’ म्हटलं की भाव पडतो, हे एका डीलरने आधीच ऐकवलं होतं. आपण त्याच बदलांवर पैसे ओतलेले असतात, पण घेणाऱ्याला वाटतं, गाडी नक्की पिळलेली असणार! आणि चाकं, सायलेन्सर असले बदल असतील तर कायद्याचीही भानगड. आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असे फेरफार करता येत नाहीत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं.

काका म्हणाले, ‘रीमॅपचं बोलू नकोस. कुणाला कळतंय?’

रविवारी चिंचवडहून एक जोडपं आलं. तो बॉनेटमध्ये घुसला, ती फाइल घेऊन सोफ्यावर बसली. एकेक बिल वाचून झाल्यावर तिने विचारलं, ‘ताई, ह्यात नाही असं काही आहे का?’

डोळ्यांसमोर महिनाअखेर नाचत होती. तरी सांगून टाकलं. रीमॅप कधी केलं, कुठे केलं, सगळं. दोघं गप्प. ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेले. मी मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक!

‘ट्रान्सफर नंतर बघू’

त्याच संध्याकाळी साताऱ्याहून एकजण आला. भाव सहा लाख, अर्धे पैसे लगेच, गाडी आजच हवी. ‘फॉर्मवर सह्या करून ठेवा मॅडम, नावावर करून घेतो सावकाश.’

खरं सांगते, मोह झाला. पण हा ‘सावकाश’ फार महाग पडतो, दोस्तहो. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी तिसऱ्याने ठोकली तरी नोटीस तुमच्या दारात! त्याला नमस्कार केला.

बुधवारी चिंचवडचा फोन आला. ‘ताई, चाळीस हजार कमी करा आणि रीमॅप काढून द्या. तुम्ही स्वतःहून सांगितलंत, म्हणून घेतोय.’ मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, जपून ठेवलेला जुना फिल्टरही दिला. सौदा ठरला पाच लाख साठ हजारांवर.

मग कागदांची वरात! लोन केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते कळवलं. फास्टॅग बंद केला. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणून इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट घेतलं. पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

चावी देताना एवढंच सांगितलं, लांबून आलात की लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, टर्बोला निवू द्या. तो हसला. ‘फाइलमध्ये लिहिलंय तुम्ही.’

तीन आठवड्यांनी नव्या आरसीचा फोटो आला. खाली मेसेज : ‘दोघंही निवांत आहोत, मी आणि विंचू.’ त्या रात्री मीसुद्धा निवांत झोपले.