अश्वहृदय आणि अक्षहृदय

शर्यतीचे घोडे हा विषय या मासिकाच्या पानांवर पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर जातील, हें आम्ही जाणून आहों. सारें आयुष्य मुलांकडून संस्कृत शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविलेल्या शिक्षकानें उतारवयांत घोड्यांची चर्चा करावी, हें खचितच शोभणारें नाहीं. परंतु हा विषय आम्हीं घरांत आणला नाहीं. तो आपल्या पायांनीं चालत आला. आमचा एक पुतण्या इंग्लंडांत लिव्हरपूल येथें नोकरीस असतो. २०२५ सालच्या मार्च महिन्यांत त्याचा दूरध्वनी आला. "काका, येथील ग्रँड नॅशनलची शर्यत ५ एप्रिलला आहे. मीं तीन आठवडे अभ्यास करून एक घोडा निवडला आहे. गणित तुम्हींच मला शिकविलेंत. माझें टिपण एकदां तपासून द्याल का?" टिपण आलें, तें चांगलें बारा पानांचें होतें. त्याच्या आईनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, एवढेंच विचारलें, "भाऊजी, हा पैसे लावणार आहे का हो?" त्या प्रश्नापायीं आम्हांस तीं बारा पानें वाचावीं लागलीं, आणि त्यांतून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

मुंबईस महालक्ष्मीला किंवा पुण्यास होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या. तेथें वेग हेंच सर्वस्व. इंग्लंड-आयर्लंडांत मुख्यत्वें हिंवाळ्यांत होणाऱ्या या दुसऱ्या प्रकारांत घोड्यास कुंपणें आणि खंदक ओलांडावे लागतात. 'स्टीपल' म्हणजे चर्चचा उंच मनोरा. एका गांवच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत शेतें, बांध, ओढे ओलांडीत घोडे पिटाळण्याची जुनी चाल होती, तिच्यावरून 'स्टीपलचेस' हें नांव पडलें. ग्रँड नॅशनल ही त्यांतील मेरुमणि. लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथें ती होते. धांव सुमारें सव्वाचार मैलांची आणि उड्या ३०. कुंपणें १६ असून त्यांपैकीं १४ दोनदां ओलांडावीं लागतात. 'बेचर्स ब्रुक' या सहाव्या कुंपणास १८३९ सालीं तेथील ओढ्यांत पडलेल्या कॅप्टन बेचर यांचें नांव मिळालें आहे. त्या वर्षीं जो घोडा जिंकला त्याचें नांव होतें 'लॉटरी'. आम्ही हें वाचून हंसलों. बारा पानांत पुतण्यानें त्याची दखल घेतलेली नव्हती.

तथापि थट्टा पुरे. टिपण वाचून पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, घोड्याची पारख हें खरोखरीचें शास्त्र आहे. जाणते लोक प्रथम जमीन पाहतात. पावसानें मऊ झालेल्या जमिनींत चपळ घोडा दमतो आणि चिवट घोडा पुढें येतो. त्यानंतर दम. शेवटच्या उडीपासून विजयरेषा ४९४ यार्ड दूर असते. तीन मैलांवरच ज्याचा श्वास संपतो त्यास हें अंतर जन्माचें वाटतें. मग उडी. प्रत्येक घोड्याच्या नांवापुढें त्याच्या मागील शर्यतींचे आंकडे छापलेले असतात. १ म्हणजे पहिला, ४ म्हणजे चौथा. मध्येंच 'एफ' हें अक्षर दिसलें तर घोडा पडला, 'यू' दिसलें तर स्वार पडला, आणि 'पी' दिसलें तर स्वारानेंच घोडा आवरून शर्यत सोडली, असें समजावें. आमच्या शाळेंतील प्रगतिपुस्तकांत इतकें स्पष्ट कधीं लिहिलें जात नसे.

चौथी गोष्ट वजन. चांगल्या घोड्यावर अधिक भार घालून सर्वांस एका पातळीवर आणण्याच्या युक्तीस हँडिकॅप म्हणतात. १९७३ सालीं क्रिस्प नांवाचा घोडा १२ स्टोन घेऊन धांवत होता, तर रेड रम १० स्टोन ५ पौंड घेऊन. स्टोन म्हणजे १४ पौंड. तेव्हां फरक २३ पौंडांचा. क्रिस्प शेवटच्या कुंपणापर्यंत कितीतरी पुढें होता. परंतु त्या ४९४ यार्डांत त्याचे पाय जड झाले, आणि रेड रमनें त्यास गांठून पाऊण लांबीनें हरविलें. पण वजनाचा नियमहि पक्का समजूं नये. पुढच्याच वर्षीं तेच १२ स्टोन रेड रमच्या पाठीवर चढले, तरी त्यानें शर्यत जिंकलीच.

पांचवी गोष्ट वय. सात वर्षांचा घोडा या शर्यतीस कोंवळा, असा समज होता. कारण १९४० सालच्या बॉगस्कारनंतर त्या वयाचा एकहि घोडा जिंकला नव्हता. २०२२ सालीं नोबल येट्सनें ८२ वर्षांचा तो नियम मोडला. पुतण्यानें निवडलेला इरोको हाहि सात वर्षांचाच होता, आणि नोबल येट्सचा दाखला त्यानें ठळक अक्षरांत दिला होता.

येथपर्यंत आम्हांस एकहि चूक काढतां आली नाहीं. परंतु या शर्यतीचा इतिहास काढून पाहतां मन साशंक झालें. १९५६ सालीं इंग्लंडच्या राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा सर्वांच्या पुढें होता. सर्व कुंपणें पार पडलीं होतीं, विजयरेषा कांहीं यार्डांवर होती, आणि घोड्यानें एकाएकीं पाय पसरून जमिनीस पोट टेकलें. कां, तें कोणासहि निश्चित सांगतां आलें नाहीं. १९६७ सालीं तेविसाव्या कुंपणाशीं एक बिनस्वाराचा घोडा आडवा धांवला आणि मागून येणारे घोडे एकमेकांवर आदळले. फार मागें राहिलेल्या फॉइनाव्हनच्या स्वारास मात्र त्या गर्दींत फट सांपडली. त्याचा भाव एकास शंभर होता. त्याचा ट्रेनर त्या दिवशीं दुसऱ्याच गांवच्या शर्यतीस गेला होता. इतका त्याचा भरंवसा! तो घोडा जिंकला, आणि तें कुंपण आज त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

हें आम्हीं पुतण्यास कळविलें. त्यानें उत्तर दिलें, "अपघात सोडा, काका. आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ ठरविला आहे." हेंहि खरें. तेव्हां आम्हीं त्यास एक लहानसें गणित घातलें. पांच घोडे आहेत. बुकीचे भाव असे: एकास एक, एकास तीन, एकास चार, एकास नऊ आणि पुन्हां एकास नऊ. कोणताहि घोडा जिंकला तरी हातांत शंभर रुपये यावेत, तर प्रत्येकावर किती लावावे? पहिल्यावर ५०, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर २०, उरलेल्या दोघांवर दहा दहा. बेरीज ११५. म्हणजे निश्चित शंभर मिळविण्यास एकशें पंधरा मोजावे लागतात. हे वरचे पंधरा बुकीचे. कोणता घोडा जिंकतो याची त्यास फारशी चिंता नसते.

आणखी एक. जमीन, दम, उडी, वजन, वय या पांचहि गोष्टी पुतण्यास जशा ठाऊक, तशा त्या शर्यतीच्या सर्व अभ्यासकांस ठाऊक असतात. सर्वांचें तें ज्ञान भावांत आधींच मिसळलेलें असतें. शर्यतीच्या दिवशीं इरोको सर्वांचा आवडता ठरला, आणि त्याचा भाव दोनास तेरा झाला. याचा अर्थ भावच सांगत होता कीं, हा घोडा पंधरांत दोनदां जिंकेल व तेरा वेळां हरेल. त्यांतहि बुकीचा वाटा वजा करावयाचा तो निराळाच.

वनपर्वांतील नलोपाख्यान वाचकांस ठाऊक आहे. नळाइतका अश्वविद्येचा जाणता दुसरा नव्हता, तरी फांशांपुढें त्याचें राज्य गेलें. पुढें बाहुक होऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाचा रथ एका दिवसांत विदर्भाकडे पिटाळतांना त्यानें राजास अश्वहृदय देऊं केलें, आणि राजानें त्यास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें व संख्येचें मर्म, शिकविलें. तें कळतांच कलि नळाच्या देहांतून बाहेर पडला. ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां शिकविली असेल. पण या दोन विद्या निराळ्या आहेत, आणि पहिलीचा गर्व माणसास दुसरीपासून वांचवीत नाहीं, हें आम्हांस या बारा पानांनीं शिकविलें.

५ एप्रिलला रात्रीं सर्व घर शर्यत पाहावयास बसलें. ३४ घोडे सुटले. जिंकला निक रॉकेट, भाव एकास तेहतीस. त्यावर बसलेला पॅट्रिक मलिन्स हा हौशी स्वार, आणि ट्रेनर त्याचेच वडील विली मलिन्स. बोलतां बोलतां त्या गृहस्थांस रडूं कोसळलें, तेव्हां वहिनींनींहि डोळ्यांस पदर लावला. इरोको चौथा आला. सेलेब्र दॅलेन नांवाचा तेरा वर्षांचा घोडा मैदानावर कोसळला आणि थोड्या दिवसांनीं मेला. आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, त्याच्यावर किती भाव होता?" आम्हांस उत्तर देववलें नाहीं.

पुतण्यानें किती पैसे लावले होते, हें आम्हीं विचारलें नाहीं. तें त्यानें आपल्या आईस आपण होऊन सांगितलें, आणि त्या मायलेकांतच तें राहिलें. महिन्यानें त्याच्याकडून एक पान आलें. त्यावर त्या दिवसाच्या चौतीसहि घोड्यांचे भाव मांडून आम्ही घातलेलें गणित त्यानें पुन्हां सोडविलें होतें. बेरीज शंभराच्या बरीच वर गेली होती, आणि खालीं त्याची टीप एवढीच होती: "काका, हें मीं आधीं करावयास हवें होतें." आम्हीं पान तपासलें. गणित बिनचूक होतें. तांबड्या शाईनें बरोबरची खूण करून आम्हीं तें परत पाठविलें.