दोन साप, एक टँक: चालेल का?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. आपला एक श्रोता शिकायला टेक्सासला असतो. त्याच्याकडे एक बॉल पायथन आहे. आता रूममेट घर सोडतोय आणि त्याचाही बॉल पायथन याच्याकडेच राहणार आहे. प्रश्न असा: "नवीन सेटअपचा खर्च परवडत नाही. दोघं एकाच टँकमध्ये राहतील का?"

माझं उत्तर आधीच देतो: नको. का नको, ते आता नीट बघू.

रील्समध्ये दोन साप एकमेकांवर वेटोळं घालून पडलेले दिसतात आणि खाली कमेंट असते, "किती क्यूट, मिठी मारलीये!" पण साप आपल्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही, तो ती बाहेरून घेतो. छोट्या टँकमध्ये उबदार कोपरा एकच असतो आणि लपायला चांगली जागाही एकच. दोघांनाही तीच हवी असते, म्हणून ते एकमेकांवर चढतात. लोकलमधला चौथ्या सीटवरचा माणूस काही प्रेमाने चिकटून बसलेला नसतो, तसंच.

आपल्याकडे शेताच्या बांधावर दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की लोक म्हणतात, जोडी जुळली. बहुतेक वेळा ते दोन नर असतात आणि एकमेकांना खाली दाबायची कुस्ती चाललेली असते. म्हणजे सापांच्या बाबतीत आपला डोळा सहज फसतो.

मग एकत्र ठेवल्यावर बिघडतं काय? पहिली गोष्ट, ऊब. बॉल पायथनला टँकची एक बाजू साधारण ३१-३२ अंश लागते. दुसऱ्याने ती अडवली तर खाल्लेलं नीट पचत नाही. असा दबलेला साप हळूहळू खाणं सोडतो. गंमत म्हणजे बॉल पायथन एरवीही आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, त्यामुळे आपल्याला वाटतं, "नेहमीचंच आहे." सापाला ओरडता येत नाही, कण्हता येत नाही. त्रास लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट, जेवण. उंदराचा वास आला की साप आधी झडप घालतो. दोघांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला, तर गिळता गिळता एकाचं तोंड दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत पोचू शकतं. किंगस्नेकसारखी जात तर साप खाणारीच आहे. तिच्यासोबत कॉर्न स्नेक ठेवणं म्हणजे ताटात वाढून देणं.

तिसरी, आजार. माइट्स, म्हणजे खवल्यांखाली लपणारे बारीक रक्तपिपासू किडे, एका सापावरून दुसऱ्यावर सहज जातात. बोआ आणि अजगरांना होणारा 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' नावाचा विषाणूजन्य रोग आहे, त्यावर इलाज नाही. बोआ तो बराच काळ लक्षणांशिवाय बाळगू शकतो, अजगर मात्र पटकन खालावतो. आणि सकाळी टँकमध्ये ओकलेला उंदीर दिसला, तर आजारी कोण हे ओळखणार कसं?

आता कुणी म्हणेल, "पण साप सोशल असतात असं वाचलंय." बरोबर आहे. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये बॉल पायथनच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला पुरेल एवढ्या लपायच्या जागा असूनही पिल्लं बराच वेळ एकाच जागेत जमत होती. हे खरंच भारी आहे! पण तिथे ती पिल्लं होती, जागा भरपूर होती आणि प्रयोग दहा दिवसांचा होता. आपल्या टँकमध्ये दोन मोठे साप काही वर्षं राहणार आहेत. तिथे पिल्लांना दूर जायची मोकळीक होती. इथे ती नाही.

अपवाद आहेत. गार्टर स्नेक कॅनडाच्या मॅनिटोबात नार्सिस भागात हिवाळ्यात हजारोंनी एकत्र राहतात. अनुभवी लोक ते गटाने पाळतातही, पण सारख्या आकाराचे आणि जेवण वेगवेगळं देऊन.

मग खर्चाचं काय? महागडा काचेचा टँक लागतच नाही. घट्ट लॉक होणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा, हवेसाठी भोकं, दोन लपायच्या जागा, पाण्याचं भांडं आणि थर्मोस्टॅट लावलेला हीट मॅट एवढ्यावर भागतं. थर्मोस्टॅटवर मात्र पैसे वाचवू नका, नाहीतर साप भाजतो. आणि नवा साप पहिले तीन महिने शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा.

भारतात ऐकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. नाग, धामण, आपला अजगर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. घरात पाळणं गुन्हा आहे, एक असो की दोन. बॉल पायथनसारख्या परदेशी जातीचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घरात साप निघाला तर डब्यात भरू नका, वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन करा.

तर टेक्सासवाल्या मित्रा, डबा दुसरा घे. दोघंही नीट जेवायला लागले की व्हॉइस नोट पाठव. भेटू पुढच्या भागात!