खड्ड्याने गाडी मोडली, तर?
मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डेबळींच्या वारसांना 6 लाख, तर जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. नाशिक शहरात हे दावे महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे जातात. मोडलेल्या गाडीसाठी मात्र रक्कम ठरलेली नाही. ही उणीव मोठी आहे. तिथे दिवाणी दावाच उरतो: 1949 च्या महापालिका अधिनियमातील कलम 487 प्रमाणे आधी लेखी नोटीस, मग महिनाभर थांबणे, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. खड्ड्याचे फोटो त्याच दिवशी काढा. गॅरेजचे बिल जपा. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या खड्ड्यासाठी दाद राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे मागावी लागते.