हमालाचा मालक कोण?

युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचं फाटक येतं. भोंगा, तीन पाळ्या, फाटकाबाहेर झेंडा आणि आत कुठंतरी बसलेला मालक. भांडायचं कुणाशी, हे तिथं ठरलेलं असतं. आमच्या पाथरीला असं फाटक नाही. आमच्याकडं मोंढा आहे. मोंढ्यात सकाळी सातपासून माणसं येऊन बसतात, गाडी आली की उठतात, माल उतरवतात आणि पुन्हा बसतात. त्यांना पगारपत्रक नसतं आणि हजेरीचं बुकही नसतं. अशा माणसांनी संघटना करायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि कुणाविरुद्ध? मला हा प्रश्न पुस्तकात भेटला नाही. तो घरात भेटला, कारण माझे अब्बा मोंढ्यात हमाल होते.

आधी मोंढ्याचा व्यवहार समजून घेऊ. बाजारात माल घालणाऱ्या शेतकऱ्यांना तो ठाऊक आहे, पण शहरातल्या वाचकांना नसेल. शेतकरी आपला माल आडत्याच्या दुकानापुढं आणतो. हमाल तो उतरवतो. लिलाव होतो, मापाडी माप करतो, मग पुन्हा हमाल पोती भरतो, शिवतो, थप्पी लावतो आणि शेवटी ट्रकमध्ये चढवतो. उतराईचे पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जातात. भराईचे खरेदीदाराच्या नावावर पडतात. दुकान मात्र आडत्याचं. आता हमालाचा मालक कोण? शेतकरी म्हणतो, मी तर वर्षातून चारदा येतो. खरेदीदार म्हणतो, मी फक्त माल घेतो. आडत्या म्हणतो, मी मधला माणूस. तिघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं आहे, आणि त्या खरेपणातच हमाल अडकलेला असतो. घाम गाळताना तो सगळ्यांचा असतो, आणि पडला की कुणाचाच नसतो.

अब्बा पडले ते १९८७ साली. मी अकरावीत होतो. त्या काळी ज्वारीचं पोतं शंभर किलोचं असायचं. ट्रकला लावलेल्या फळीवरून पोतं पाठीवर घेऊन चढायचं. पावसाची भुरभुर होती, फळी ओली होती. पाय घसरला, पोतं अंगावर आलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ज्या दुकानाचा माल भरत होते तिथून दोनशे रुपये आले. देणाऱ्याने ते दयेने दिले, यात शंका नाही. पण कामावर जखमी झालेल्या मजुराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ पासून होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग काय होता? भरपाई मागायला मालक लागतो, आणि अब्बांनी तिथं वीस वर्षं काम केल्याचा चिठ्ठीएवढाही पुरावा नव्हता.

पुरावा होऊ शकला असता, हे मला जास्त सलतं. त्याआधी दोन वर्षं बाहेरून एक कार्यकर्ता आला होता. मोंढ्यातल्या लिंबाखाली संध्याकाळी बैठक झाली. त्याच्याजवळ एक वही होती. ज्याला संघटनेत यायचं त्याने नाव सांगायचं आणि एक रुपया द्यायचा, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानातून निरोप फिरला, की ज्यांची नावं वहीत गेली त्यांनी आपापली उचल शुक्रवारपर्यंत फेडावी. अब्बांनी थोरल्या आपाच्या लग्नासाठी तीन हजार उचलले होते. त्यांनी नाव दिलं नाही. घरी येऊन अम्मीला म्हणाले, ‘नाम लिखको क्या मिलेंगा? पोता तो उतनाच रहेंगा.’

त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आम्हा कवी मंडळींचं नाव संमेलनाच्या पत्रिकेत राहून गेलं तर आम्ही महिनाभर रुसून बसतो. पण नाव लिहिण्यात पोटाचा प्रश्न असतो, हे कळायला मला बी. ए. होऊन आणखी बरीच वर्षं जावी लागली.

खरं तर या कोड्यातून महाराष्ट्रानं फार आधी वाट काढली होती. मुंबईच्या बंदरालगतच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहणारे माथाडी कामगार होते. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र केलं, मोठे लढे दिले, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची युक्ती साधी आहे. हमालाचा मालक कोण, हा वाद त्यानं मिटवत न बसता बाजूला ठेवला. मध्ये एक मंडळ उभं केलं. त्यात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मंडळाकडं नोंद करायची आणि हमालानंही करायची. हमालांच्या टोळ्या ठरतात. टोळीनं महिन्यात जेवढं काम केलं त्याची हमाली व्यापारी मंडळाकडं भरतो, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मजुरी मंडळाकडून हमालाला मिळते. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टीचे पैसे, ग्रॅच्युइटी हे सगळं त्या लेव्हीतून.

यात दोन गोष्टी एकदम होतात. दहा दुकानांचं काम करणारा माणूस दहा जणांचा थोडाथोडा नोकर न राहता मंडळाचा नोंदलेला कामगार होतो. आणि मजुरी दुकानाच्या गल्ल्यातून येणं थांबल्यामुळं उचलीचा दोर सैल होतो. अब्बांना शुक्रवारची मुदत देणारा निरोप याच दोराच्या जोरावर आला होता. गोदीतल्या मजुरांसाठी १९४८ मध्ये देशात अशा धर्तीचा कायदा झालेला होता. पण बाजारातल्या, एका जागी न टिकणाऱ्या कामाला तो विचार लागू करणं हे मोठंच पाऊल होतं. आपल्या राज्यानं जगाला दाखवाव्यात अशा ज्या गोष्टी केल्या त्यांत मी रोजगार हमीच्या शेजारी हा कायदा ठेवतो.

अर्थात कायदा होणं वेगळं आणि तो मोंढ्यात पोचणं वेगळं. मुंबईतल्या बाजारांत तो आधी लागू झाला, मग एकेका जिल्ह्यात मंडळं झाली. जिथं हमाल आधीच एकत्र होते तिथं तो लवकर रुजला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली होती, म्हणजे कायद्याच्या किती आधी पाहा. नावात युनियन नाही, पंचायत आहे. मजुरीच्या भांडणाइतकंच तिथं जेवणाचं, पोरांच्या शिक्षणाचं, पतपेढीचं काम झालं. १९७४ मध्ये हमालांसाठी आणि इतर कष्टकऱ्यांसाठी ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र निघालं. आज ते पुणेकरांच्या ओळखीचं आहे. बाबा डिसेंबर २०२५ मध्ये गेले. पोत्याचं वजन कमी करा, हा हमालांचा धोशा त्यांनी शेवटपर्यंत लावून धरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच माणसानं उचलायच्या ओझ्याबद्दल ठराव केला, आणि सोबतच्या शिफारशीत ५५ किलो हा आकडा दिला. आमच्या मोंढ्यात अब्बा त्यानंतर वीस वर्षांनी शंभर किलोखाली पडले. आज बहुतेक माल पन्नास किलोच्या कट्ट्यात येतो. पोतं उतनाच रहेंगा, हे अब्बांचं म्हणणं चुकलं, याचा मला आनंद आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा जो शब्द अर्थशास्त्रात आला, तो १९७० च्या सुमारास कीथ हार्ट या अभ्यासकानं आफ्रिकेतल्या घाना देशाच्या अक्रा शहरातली गरिबांची कामं पाहून रूढ केला. त्याच अक्रामध्ये उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातून आलेल्या मुली बाजारात डोक्यावर माल वाहतात, त्यांना तिथं कायायेई म्हणतात. २०१८ च्या श्रम संघटनेच्या अहवालाप्रमाणं जगात दोन अब्ज माणसं अशा कामांत आहेत, म्हणजे कमावत्या माणसांतली साठ टक्क्यांहून जास्त. तेव्हा फाटकातला कामगार हा अपवाद, आणि लिंबाखाली बसलेला हाच खरा सर्वसाधारण कामगार. आपली डोळ्यांसमोरची चित्रं मात्र अजून उलटी आहेत.

अहमदाबादची गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. तिथल्या कापड बाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या बायका होत्या. फेऱ्यांची नोंद नसायची, हातावर ठेवतील तेवढे पैसे. इला भट्ट यांनी त्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. व्यापाऱ्यांनी उलट छापून आणलं, की आम्ही तर रीतसर दर देतो. मग या मंडळींनी व्यापाऱ्यांचंच ते म्हणणं कार्डांवर छापलं आणि बायकांच्या हातात दिलं. आता दर मागायला त्यांना दुसरा पुरावा नको होता. पुढं ‘सेवा’ ही संघटना युनियन म्हणून नोंदवायला गेले तेव्हा अधिकारी अडले, की यांना मालकच नाही तर युनियन कसली? त्यावर त्यांचं उत्तर असं होतं, की युनियन कुणाच्या विरुद्ध असायला हवी असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत निघाली, तिथंही पहिल्या लढायांपैकी एक होती ओळखपत्राची. कचऱ्यात हात घालणाऱ्या बाईला पोलीस चोर समजत. गळ्यात कार्ड आल्यावर तिला ‘मी कामावर आहे’ असं म्हणता येऊ लागलं.

आता कुणी म्हणेल, हल्ली सरकारच नावं लिहून घेतं. खरं आहे. २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे, त्यावर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांजवळ ते कार्ड आहे. पण त्या नोंदीत कामगार एकटा असतो आणि समोर यंत्र असतं. दर कमी का दिला, हे विचारायला त्या कार्डासोबत चार माणसं येत नाहीत. वही तीच, पण कुणी कुणासाठी उघडली, यानं फरक पडतो.

आणि जिथं वही उघडणंच अवघड आहे असंही काम आमच्या दाराशी आहे. जायकवाडीच्या कालव्यानं पाथरीच्या शिवारात ऊस आला. पण याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना दिवाळीच्या आसपास कुलूप लागतं, कारण माणसं ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर गेलेली असतात. हमाल निदान रोज एकाच लिंबाखाली बसतो. ऊसतोड्याचा लिंब दर आठवड्याला बदलतो. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, माझी उचल अडकलीय. त्यामुळं त्यांचे संप झाले ते हंगामाच्या तोंडावर, गाव सोडण्याआधी, कारण नंतर एकत्र यायला जागाच नसते. दरवाढीचे करार त्यातून झाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल नवऱ्याच्या नावावर असते. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते, तिचं नाव मुकादमाच्या वहीत नसतं आणि बहुतेकदा संघटनेच्याही नसतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं आहे. त्यानं ओळखपत्रं देताना नवरा आणि बायको यांची वेगवेगळी द्यावीत आणि मजुरीही वेगळी लिहायला लावावी, असं मला वाटतं.

माझा पुतण्या आज मोंढ्यात नोंदलेला हमाल आहे. त्याच्याजवळ कार्ड आहे, खात्यात निधी जमतो. अब्बा हयात असताना त्यानं ते कार्ड त्यांना दाखवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘इसके पैसे कटते क्या?’

या भाषणाची तयारी करताना मी पुन्हा मोंढ्यात गेलो. सोयाबीनची आवक जोरात होती. लिंबापासून थोडं दूर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून सहा पोरं बसली होती. टोळीतली नव्हती. जास्तीचं काम आलं की त्यांना हाक मारतात, कट्ट्यामागं टोळीपेक्षा कमी देतात, आणि त्यांची लेव्ही कुणी भरत नाही. व्यापाऱ्याला ते सोयीचं आहे, हे समजू शकतं. पण टोळीप्रमुखाला विचारलं तर तोही म्हणाला, ‘गुरुजी, नावं वाढवली की आमची वाटणी कमी होते.’ त्याचं गणित खोटं नाही. फक्त आज ही सहा पोरं स्वस्तात मिळतात म्हणून उद्या टोळीला हाक कमी येईल, हे त्या गणितात धरलेलं नाही. मी तसं त्याला म्हणालो. पुतण्याही तिथंच उभा होता, तो काही बोलला नाही. घरी आल्यावर माझं त्याचं यावरून चांगलंच वाजलं.

त्या पोरांपैकी एकाचा पंजा कापडानं बांधलेला होता. आकडी लागली म्हणाला. मी खिशातला कागद काढून त्यांची नावं, गावं लिहून घ्यायला लागलो, तर त्यानं विचारलं, ‘लिहून काय करता?’ तरी सहापैकी चौघांनी नावं सांगितली. टोळीप्रमुखाला तो कागद दिला आहे. हंगाम ओसरला की बैठक घेऊ म्हणाला.