गाणी कुणाची, दार कुणाचे?

माणूस पैसे मोजून गाणी विकत घेतो, ती आपल्या संगणकात जमवून ठेवतो. पुढे त्याने दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेतले, तर त्या गाण्यांना जुन्या घरातून बाहेर पडण्याची वाट असावी की नसावी? २००९ साली अमेरिकेत या प्रश्नावर दोन कंपन्यांचा मोठा झगडा झाला.

ॲपल कंपनीची ‘आयट्यून्स’ ही प्रणाली संगणकातील गाण्यांचा संग्रह सांभाळी आणि तो त्याच कंपनीच्या ‘आयपॉड’मध्ये उतरवून देई. त्या वर्षी जूनमध्ये पाम कंपनीने ‘प्री’ नावाचा फोन विक्रीस काढला. संगणकाला जोडताच हा फोन आपण आयपॉड आहोत, अशी बतावणी करी आणि गाणी मिळवी. जुलैमध्ये ॲपलने ही वाट बंद केली. थोड्याच दिवसांत पामने ती पुन्हा उघडली. यूएसबी जोडणीसाठी प्रत्येक उत्पादकाला वेगळा ओळखक्रमांक दिलेला असतो. पामने चक्क ॲपलचा क्रमांक वापरला आणि वर ॲपलविरुद्धच तक्रार नेली. सप्टेंबरमध्ये त्या क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने दोष दिला तो पामलाच. या ओढाताणीत हाल झाले ते ग्राहकाचे. काल चालणारी सोय आज चालेना.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रणाली ॲपलने निर्मिली. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राची चाकरी तिने करावी, असा आग्रह धरता येत नाही. दुसऱ्याचे नाव सांगून घरात शिरणे तर कोणत्याही व्यवहारात गैरच. परंतु गाणी ग्राहकाची आहेत. आयट्यून्स आपल्या संग्रहाची यादी एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवी आणि ती इतर प्रणालींना वाचता येई. ब्लॅकबेरी फोनच्या निर्मात्यांनी याच यादीच्या आधारे स्वतःची प्रणाली तयार केली. खोटे नाव न सांगताही काम होत होते!

म्हणून न्याय्य मार्ग असा: दार मालकाचे असो, पण आतील ठेव ज्याची त्याला सुखाने नेता आली पाहिजे. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्याने बड्या डिजिटल कंपन्यांवर असेच बंधन घातले आहे. ग्राहकाला आपली माहिती अन्यत्र नेऊ दिली पाहिजे. ही मोकळीक नसेल, तर वर्षानुवर्षे जमविलेला संग्रहच ग्राहकाच्या पायातील बेडी होतो. यंत्र घेताना किंमत तर आपण विचारतोच. परत निघण्याची वाटही विचारून घ्यावी.