बर्जरचा आजार आणि ‘ज्यू रोगा’चा गैरसमज

पायाची बोटे थंड पडून निळसर झाली की अमेरिकेत नव्याने आलेला मनुष्य प्रथम येथील बर्फाला दोष देतो. पुष्कळदा तो दोष खराही असतो. परंतु विडी-सिगारेट ओढणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आतील गृहस्थाच्या तळपायात चालताना कळ येऊ लागली, थांबताच ती शमली, आणि पुढे रात्री बिछान्यातही बोटे ठणकू लागली, तर जाड मोज्यांनी भागत नाही.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून हातापायांच्या टोकांपर्यंत जाते व नीलांतून परतते. पेशींभोवती उरलेला द्रव लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. त्या तुंबल्या म्हणजे काय होते, हे हत्तीरोगाचा पाय पाहिलेल्यास निराळे सांगावयास नको. बर्जरच्या आजारात मात्र लसीकावाहिन्या नव्हेत, तर लहान व मध्यम रोहिण्या आणि नीला दाहाने सुजतात, त्यांत गुठळ्या धरतात, बोटांना रक्त पोहोचत नाही. जखमा भरत नाहीत व अखेर मांस काळे पडून सडते.

व्हिएन्ना येथे १८७९ साली जन्मलेले डॉ. लिओ बर्जर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात काम करीत. कापाव्या लागलेल्या अकरा अवयवांतील रक्तवाहिन्या तपासून त्यांनी १९०८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे रुग्ण बहुतांशी पोलंड-रशियातून आलेले ज्यू होते, म्हणून हा ज्यूंचाच रोग असा समज दीर्घकाळ रूढ झाला. वस्तुतः ते इस्पितळच १८५२ साली ‘ज्यूज हॉस्पिटल’ या नावाने स्थापन झालेले. तेथे दुसरे कोण अधिक येणार? पुढे हाच रोग जपानात, तुर्कस्तानात आणि आपल्या हिंदुस्थानात विडी ओढणाऱ्या गरीब श्रमिकांतही विपुल आढळला. त्या सर्वांना जोडणारा धागा एकच : तंबाखू.

मेयो क्लिनिकचे डॉ. एडगर ॲलन यांनी १९२९ साली सुचविलेली चाचणी आजही वापरतात. मूठ आवळून मनगटावरील दोन्ही रोहिण्या दाबावयाच्या, मूठ उघडून एक सोडावयाची. पांढऱ्या तळव्यावर लाली परतली नाही तर ती रोहिणी बंद आहे असे समजावे.

उपचारांत तंबाखू संपूर्ण सोडण्याच्या तोडीचे काहीही नाही. दिवसाला एकदोन सिगारेटींनीही रोग धुमसत राहतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या पाहणीत तंबाखू सोडलेल्यांपैकी शेकडा ९४ जणांचे अवयव वाचले. न सोडणाऱ्यांपैकी शेकडा ४३ जणांना एक तरी अवयव गमवावा लागला. निकोटिनची पट्टीदेखील या रुग्णांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून लावू नये.

येथील डॉक्टर “सिगारेट ओढता काय?” एवढेच विचारतात आणि आपली वडीलधारी मंडळी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात. पानातली तंबाखू आणि सकाळची मशेरी त्यांनाही माहीत असणे अगत्याचे आहे. ते न विचारतील तर बरोबर गेलेल्या मुलाने अथवा सुनेने सांगावे.