मूत्रपिंड कोणाला? यंत्र, गुण आणि माणूस

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या डायलिसिसवरच्या रुग्णाला मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड हवे असेल, तर त्याचे नाव मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत लागते. अवयव मोजके, यादी लांब. म्हणून आधी कोण, हा प्रश्न वैद्यकीय असतो तितकाच नैतिकही. अशा प्रश्नांच्या अभ्यासात आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही फोफावले आहेत.

गैरसमज : माणसाच्या जिवाला गुण देण्याची प्रथा यंत्राने आणली.
वस्तुस्थिती : गुण आधीपासूनच आहेत आणि ते माणसांनी ठरवले आहेत. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे ‘नोटो’च्या निकषांत डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला 1 गुण, सहा वर्षांखालच्या मुलाला 3 आणि पूर्वी स्वतः अवयव दिलेल्याला 5 गुण आहेत. लहान वयाची किंमत तीन महिन्यांच्या प्रतीक्षेइतकी, हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. तो मूल्यांचा कौल आहे. त्याचे परिणामही सर्वांवर सारखे होत नाहीत. मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या रुग्णाचे निदान आणि डायलिसिस उशिरा सुरू झाले, तर त्याचे गुणही उशिराच जमू लागतात.

गैरसमज : कोण जगणार हे आता संगणक ठरवणार.
वस्तुस्थिती : अभ्यासातले काम वेगळे आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांपुढे दोन-दोन काल्पनिक रुग्ण ठेवले. त्यांचे वय, मद्यपान आणि इतर आजार वेगवेगळे होते. मूत्रपिंड कोणाला द्यावे, असे विचारले. लोक कोणत्या गोष्टीला किती वजन देतात, हे त्या उत्तरांवरून गणिताने काढले आणि मूत्रपिंड-अदलाबदलीच्या प्रणालीत दोन पर्याय बरोबरीचे ठरल्यासच ते वापरून पाहिले. ‘आज अभ्यास, उद्या अंमल’ ही शंका रास्त आहे. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत निर्णयाच्या प्रक्रियेत माणूस असावा, हा आग्रह आहे.

गैरसमज : भरपूर माहिती आणि बहुमत मिळाले की न्याय आपोआप होतो.
वस्तुस्थिती : 2019 साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासाने अमेरिकेतल्या आरोग्यसेवेतील एका संगणकीय प्रणालीचा दोष उघड केला. तिने आजाराची तीव्रता उपचारांच्या खर्चावरून मोजली होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने त्यांचा आजार सौम्य भासला आणि जादा देखभालीत ते मागे पडले. बहुमताचेही तसेच. मद्यपींना मागे ठेवावे असे अनेकांना वाटते. पण व्यसन हा आजार असताना त्याची शिक्षा यादीत द्यावी का, याचे उत्तर हात मोजून मिळत नाही. मग अभ्यास कशाला? कारण गुणांआड दडलेली मूल्ये उघड झाली की त्यांवर वाद घालता येतो. निकष अटळ नसतातच : मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणीची 65 वर्षांची वयोमर्यादा केंद्राने 2023 साली काढली, ती माणसांनीच.

तेव्हा यंत्राला घाबरण्यापेक्षा किंवा त्याला शरण जाण्यापेक्षा निकष मागावेत. आपल्या रुग्णाला गुण कशाचे मिळतात आणि ते कोणी ठरवले, हे रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला जरूर विचारा.